क्लाऊड कॉम्प्युटिंग : भाड्याची यंत्रे, मालकाची जबाबदारी

स्वतःचे सर्व्हर विकत न घेता दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील संगणनशक्ती, साठवणूक आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने घेणे व वापरानुसार पैसे मोजणे, म्हणजे क्लाऊड कॉम्प्युटिंग. 'मेघसंगणन' असा नेटका मराठी शब्द उपलब्ध असूनही व्यवहारात 'क्लाऊड'च रुळला. नावात ढग असला तरी यंत्रे जमिनीवरच, एखाद्या निश्चित देशातील निश्चित इमारतीत असतात. पुढील बहुतेक प्रश्न या साध्या वस्तुस्थितीतूनच उद्भवतात. अ‍ॅमेझॉनने २००६ साली एस३ ही साठवणसेवा आणि ईसी२ ही संगणनसेवा सुरू केली, तेव्हापासून या व्यवसायाला आजचे रूप आले. नुसती यंत्रे, प्रोग्रॅम चालवण्याची सिद्ध व्यवस्था किंवा ईमेल व हिशेबासारखे तयार सॉफ्टवेअर, यांपैकी काहीही भाड्याने मिळते.

उद्योगांचा पहिला लाभ आर्थिक आहे. यंत्रांवरील मोठा भांडवली खर्च टळून त्याचे मासिक खर्चात रूपांतर होते. सणासुदीला मागणी वाढली की क्षमता वाढवावी, ओसरली की कमी करावी. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधील डेटाबेस २००८ साली बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडकडे वाटचाल सुरू केली. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. इतक्या मोठ्या कंपनीलाही त्यास सात वर्षे लागली, हे 'महिन्याभरात सारे हलवून देतो' म्हणणाऱ्या सल्लागारांनी ध्यानात ठेवावे. लहान संस्थेचा लाभ तर तुलनेने अधिक मोठा. पाच माणसांच्या संस्थेलाही आज मुंबई किंवा लंडन येथील डेटा सेंटर एकाच खात्यातून वापरता येते.

जोखमींचा विचार करताना एक गैरसमज प्रथम दूर करावा लागतो. यंत्रांची निगा सेवादात्याकडे जाते, माहितीची जबाबदारी जात नाही. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेची अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडवरील माहिती २०१९ साली चोरीस गेली. सुमारे १० कोटी ६० लाख व्यक्तींना त्याची झळ बसली. फायरवॉलची मांडणी सदोष होती. पुढील वर्षी नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला तो बँकेला, आणि कारण दिले ते क्लाऊडवर जाण्यापूर्वी जोखमीचे मूल्यमापन नीट न केल्याचे.

बॅकअपबाबतचा निष्काळजीपणा याहून घातक ठरतो. कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाऊड खात्याच्या नियंत्रण-पटलात २०१४ साली एक खंडणीखोर शिरला. मूळ माहिती आणि बहुतांश बॅकअप एकाच खात्यात असल्याने त्याने दोन्ही पुसले आणि कंपनीला व्यवसाय गुंडाळावा लागला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाऊडचे एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले. ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांची माहिती कायमची गेली. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिनिधीची गुगल क्लाऊडवरील यंत्रणा, सेवादात्याकडून मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिल्यामुळे, मुदत संपताच आपोआप पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सदस्यांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. मात्र अन्य सेवादात्याकडेही बॅकअप असल्याने निधी सावरला. तेव्हा किमान एक प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या शहरात आणि शक्यतो वेगळ्या कंपनीकडे असावी. तिच्यावरून सारे पुन्हा उभे करण्याची तालीमही अधूनमधून करावी. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे.

परदेशात कार्यालय आणि पुण्यात कर्मचारी अशी रचना असलेल्यांना कायद्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाऊड अ‍ॅक्टनुसार तेथील सेवादात्याच्या ताब्यातील माहिती अन्य देशात साठवलेली असली, तरीही कायदेशीर आदेशाने मागवता येते. भारतीय रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले. करार करताना माहितीचा देश कोणता, हे लेखी घ्यावे.

खर्चाचे गणितही वाटते तितके सरळ नाही. चाचणीसाठी सुरू केलेली यंत्रे बंद करण्याचा विसर फार महाग पडतो. मागणी स्थिर असल्यास भाडे मालकीपेक्षा महाग ठरू शकते; याच हिशेबाने ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये क्लाऊड सोडण्याचा निर्णय जाहीर केला. शिवाय माहिती आत आणणे सहसा विनामूल्य असते, बाहेर नेण्यास मात्र दर गिगाबाइटमागे आकार पडतो. सेवादाता बदलताना लागणारे असे शुल्क युरोपीय संघाच्या डेटा अ‍ॅक्टनुसार १२ जानेवारी २०२७ पासून आकारता येणार नाही. ब्रिटन, अमेरिका आणि आखातातील ग्राहकांना मात्र या कायद्याचा थेट आधार नाही. त्यांनी बाहेर पडण्याच्या अटी पहिल्या करारातच ठरवून घ्याव्यात.