वाराचे अन्न आणि कॉलेजची फी

म्हैसूरहून दक्षिणेस सुमारे सात कोसांवर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड वसले आहे. यात्रेकरू येतो, स्नान करतो, श्रीकंठेश्वराचे दर्शन घेतो आणि तेथली प्रसिद्ध रसबाळे केळी घेऊन परततो. मला हे गाव आठवते ते निराळ्या कारणाने. शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. त्यांतील ‘पालकांचे वार्षिक उत्पन्न’ हा रकाना वाचताना मनात येते, नंजनगुडाकडच्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी तो कसा भरला असता?

१९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानी मुलखातले हे पहिले विद्यापीठ. तोवर तेथील कॉलेजे मद्रास विद्यापीठाला जोडलेली होती. उच्च शिक्षण दाराशी आले खरे, परंतु खेड्यातील बापापुढचा प्रश्न केवळ फीचा नव्हता. शहरात मुलगा राहील कोठे आणि दोन वेळा जेवेल काय? शिवाय शेतावरचे दोन हात कमी होत, त्याचा हिशेब वेगळाच. कुटुंबाचा खरा वाटा हा होता, आणि तो कोणत्याही पावतीवर लिहिला जात नसे.

वार लावून जेवण्याची चाल आपल्याकडे होती, तशी कर्नाटकातही होती. तिकडे तिला ‘वारान्न’ म्हणत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. या चालीने कित्येक विद्वान घडले, हे मान्य केलेच पाहिजे. पण पंगतीला जातीची मर्यादा असे. कुणब्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या मुलाला वार कोण देणार? म्हणूनच माझ्या मते वसतिगृहांचा इतिहास हा विद्यापीठांच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. नंजनगूड तालुक्यातील सुत्तूर मठाचे शिवरात्री राजेंद्र स्वामी यांनी १९४१ साली म्हैसूर शहरात विद्यार्थ्यांसाठी मोफत वसतिगृह काढले. त्यातूनच पुढे १९५४ मध्ये एक मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली.

साताऱ्यास भाऊराव पाटलांनी निराळी वाट धरली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत, आणि ज्याच्या घरी पैसा नाही त्याने श्रम द्यावेत, अशी योजना होती. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही ‘कमवा आणि शिका’ हाच पाया राहिला. फुकट नको आणि अडवणूकही नको, हा त्यातला विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

आज पालक कॉलेज निवडताना फीमाफीचा आकडा प्रथम पाहतात. राहण्याखाण्याचा खर्च किती, मिळणारी रक्कम शिष्यवृत्ती की फेडावयाचे कर्ज, ती पहिल्या वर्षापुरती की अखेरपर्यंत, हे प्रश्न बहुधा प्रवेशानंतर सुचतात. एवढ्यात घरची एखादी वस्तू गहाण पडलेली असते.

साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांच्या हातचे जेवलेली कित्येक मुले तोवर कॉलेजपर्यंत पोहोचलीही नव्हती.