पटावर मुले, मंजुरीत समुपदेशक नाही

हुडकेश्वर २०१३ मध्ये नरसाळ्यासोबत नागपूर महापालिकेत आले. शेतांवर ले-आउट पडले, घरे उठली आणि मुलांची संख्या वाढत गेली. ही मुले अनुदानित, विनाअनुदानित आणि सीबीएसईच्या शाळांत विखुरली जातात. शाळेत मनातले बोलायला कुणी प्रशिक्षित माणूस भेटेल की नाही, हे बरेचदा मुलाच्या गरजेवर ठरत नाही, शाळेच्या संलग्नतेवर ठरते. याचे खापर सहसा पैशाच्या चणचणीवर फोडले जाते. मला कारण त्याहून जुने वाटते. आपल्याकडे समुपदेशनाचे काम जन्मापासूनच कुणाच्या तरी मूळ कामाला जोडलेले जादा काम होते. त्याला पद कधी मिळालेच नाही.

मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय ब्युरो निघाला, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने स्वतःचा ब्युरो काढला आणि १९५० मध्ये मुंबई सरकारही त्यात उतरले. तिघांचाही विषय व्यवसाय मार्गदर्शन हा होता : मॅट्रिकनंतर मुलाने कुठे जावे? मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ सुचवले. करिअर मास्टर म्हणजे थोडे प्रशिक्षण घेतलेला, पण आपले तास घेतच राहणारा शिक्षक. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मुंबईत रुजलेली ही घडी इकडेही आली. तिच्या केंद्रस्थानी मुलाचा कल होता, त्याची भीती किंवा घरातली भांडणे नव्हती. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, तीही त्याच वाटेने : परीक्षेआधी एक चाचणी, हातात एक अहवाल, आणि पुढचे पालकांनी बघावे.

पद का नाही, हे पाहायचे तर संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला पटावरून मंजूर होणाऱ्या पदांचा, हिशेब उलगडावा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, आणि दीडशेच्या वर मुख्याध्यापक. सहावी ते आठवीत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचे शिक्षक, दर पस्तीस मुलांमागे किमान एक. वरच्या वर्गांत पट शंभराच्या पुढे गेला की कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक. चित्रकलेलाही इथे जागा आहे. समुपदेशकाला नाही, आणि ज्याला मंजुरी नाही त्याचा पगार निघत नाही. मग परीक्षेच्या दिवसांत राज्य मंडळ समुपदेशकांचे मोबाइल क्रमांक जाहीर करते. ती सोय चांगलीच, पण ती हंगामी आहे.

यावर म्हणतात, वर्गशिक्षक मुलाला ओळखतोच, वेगळा माणूस हवा कशाला? ओळखतो, हे खरे. पण तोच गुण देतो, तोच पालकांना बोलावतो. काही गोष्टी मूल त्याला सांगणार नाही, आणि त्यात शिक्षकाचा दोष नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शाळेला समुपदेशक मागितला नव्हता. दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक, एवढीच किमान योजना होती. दहा शाळांमागे एक माणूस सरकारला झेपत नाही, असेही नाही. १९९४ मध्ये राज्याने साधारण दहा प्राथमिक शाळांचे एक केंद्र धरून केंद्रप्रमुखांची ४८६० पदे निर्माण केली. अर्थात तो प्राथमिकचा मामला आणि काम पर्यवेक्षणाचे; शिवाय पद निर्माण होणे वेगळे आणि भरले जाणे वेगळे, हे जिल्हा परिषदेत खेटे घातलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. तरी एवढे दिसते की तपासणीसाठी माणूस लागतो हे शासनाला पटले, ऐकून घेण्यासाठी लागतो हे पटले नाही.

सीबीएसईच्या २०१८ च्या उपविधींत माध्यमिक शाळेला पूर्णवेळ समुपदेशक बंधनकारक केला गेला; नववी ते बारावीत तीनशेपेक्षा कमी मुले असतील तर तेव्हा अंशकालीन चालत असे. कागदावरचा समुपदेशक तिथेही असू शकतो, हा आक्षेप मान्य. पण कागदावर पद असेल तर ते रिकामे का, असे पालक विचारू शकतो. अनुदानित शाळेच्या पालकाला तेवढाही आधार नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे निर्देश दिले. आता हा निर्देश संचमान्यतेच्या तक्त्यात रकाना होऊन उतरतो, की एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून, हे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातल्या मंजुरीच्या कागदांवरच कळेल.