रोजनिशीतला गोवा : मारिओ मिरांडा यांची चित्रसाधना

महाराष्ट्रातील शाळांतून बालभारतीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके वाचून जी पिढी मोठी झाली, तिला मारिओ मिरांडा हे नाव कदाचित ठाऊक नसेल. पण त्यांची रेषा तिच्या परिचयाची आहे. विद्यार्थी वसईचा असो वा भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावातला, इंग्रजी वाक्याचा अर्थ लागण्याआधी त्याला शेजारचे चित्र कळत असे. टपोऱ्या डोळ्यांची माणसे, दाटीवाटीचा रस्ता आणि कोपऱ्यात कुठेतरी एखादे कुत्रे किंवा कावळा, असा तो सारा संसार.

विनोदी चित्रकार म्हणून मारिओ यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला मात्र ते आपल्या ख्रिस्ती समाजजीवनाचे बखरकार वाटतात, आणि त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात नेमकी हीच बाजू झाकोळून गेली आहे.

त्यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. दमण तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. कुटुंब मूळचे गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील लोटली गावचे. तेथील त्यांचा वडिलोपार्जित वाडा सुमारे तीनशे वर्षांचा आहे. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी हा वाडा आतून-बाहेरून पाहिला आहे. लहान मारिओ घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. आईने रागावून कोळसा हिसकावून घेतला असता, तर ती गोष्ट तेथेच संपली असती. तिने मुलाच्या हाती एक कोरी वही दिली. मारिओ त्या वहीला आपली ‘डायरी’ म्हणू लागले.

ही सवय शाळेत त्यांच्या अंगाशी आली. बंगळूरच्या सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूलमध्ये शिकत असता त्यांनी धर्मगुरूंची व्यंगचित्रे काढली आणि बोलणी खाल्ली. यात नवल नाही. वेदीवरच्या माणसाकडे पाहून हसू नये, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला घरातून मिळालेली असते. परंतु मारिओ यांच्या चित्रांतील पाद्री नीट न्याहाळावेत. झग्यात मावेनासे पोट, छत्री सावरत टाकलेली लगबगीची पावले, लग्नाच्या जेवणावळीतील तृप्त चेहरा! त्यांत द्वेषाचा लवलेश नाही. घरच्या माणसाला घरच्यांनी हसावे तसे ते हसणे आहे. ज्याने समाजाबाहेर उभे राहून पाहिले, त्याला हे हसू साधले नसते.

पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी इतिहास विषय घेऊन पदवी मिळवली. आईवडिलांच्या इच्छेखातर वास्तुशास्त्राचे शिक्षणही आरंभिले, पण त्यात मन रमले नाही. तरी त्यांच्या चित्रांतील बाल्कांव, कौलांचे उतार, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि चर्चचे दर्शनी भाग पाहिले, की तो अपुरा अभ्यास अगदीच वाया गेला नाही असे वाटते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांचे विद्यापीठ म्हणजे ती वही.

१९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. माझ्या मते मारिओ यांचे सर्वांत मोलाचे काम या पानांत आहे. दर दिवसाला एक चित्र आणि सोबत दोन-चार ओळी. गावातील लग्न, नाच, सणाचा दिवस, शेजारणींच्या गप्पा, पत्त्यांचे डाव, मित्रांच्या फजित्या, आळसावलेली दुपार. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती, आणि १९६१ साली ती संपणार हे त्या तरुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणूनच त्या चित्रांत पुढच्या काळात शिरलेला हळवेपणा नाही. जे समोर आहे ते टिपले, एवढेच. सरकारी कागदपत्रांतून आणि चर्चच्या नोंदवह्यांतून बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या तारखा मिळतात. पण लग्नात कोणी कोणाकडे चोरून पाहिले आणि कोणत्या मावशींनी ते हेरले, हे या वहीतच सापडते.

पोटासाठी त्यांनी प्रथम ओळखीच्यांना चित्रमय पोस्टकार्डे काढून दिली आणि चार वर्षे एका जाहिरात संस्थेच्या स्टुडिओत नोकरी केली. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये चित्रे छापून आल्यावर त्यांचे नाव झाले. मग पोर्तुगालमधील गुल्बेंकियान प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर ते वर्षभर लिस्बनला राहिले आणि तेथून लंडनला गेले. लंडनमधील सुमारे पाच वर्षांत वृत्तपत्रांसाठी व दूरचित्रवाणीच्या चलच्चित्रांसाठी त्यांनी काम केले. भारतात परतल्यावर ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहात आर. के. लक्ष्मण यांच्यासारखा दिग्गज त्यांचा सहकारी होता.

दोघांची तुलना टाळता येत नाही. लक्ष्मण यांच्या चित्राला सकाळच्या बातमीची धार असे. मारिओ यांच्या चित्राला बातमीची निकड नव्हती. त्यांना गर्दी हवी असे. पुढारी बंडलदास, चित्रतारका मिस निंबुपानी, कार्यालयातील गोडबोले आणि मिस फोन्सेका ही त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. गोडबोले हे आडनाव पाहून मराठी वाचकाला गंमत वाटावी हे साहजिकच. मात्र साहेब आणि सुडौल सेक्रेटरी यांच्यावरचा तो विनोद आज बराचसा शिळा झाला आहे, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. त्या चित्रांत मारिओ यांची नजर एकाच ठिकाणी अडकते. एरवी ती सगळीकडे फिरते.

ती कशी फिरते हे पाहावयाचे तर त्यांची प्रवासचित्रे पाहावीत. १९७४ मध्ये अमेरिकी सरकारच्या माहिती विभागाच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. तेथे ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांना भेटले, ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे हर्ब्लॉक यांच्यासमवेत काम केले. जर्मनीच्या हिवाळ्यावर त्यांनी चित्रांचे पुस्तक केले, पॅरिसवरही केले. शब्द नाहीत, विनोदाची ओळ नाही. बारीक, आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीतून थंडी, धुके आणि दगडी भिंती उभ्या राहतात. डॉम मोराइस, मनोहर माळगावकर यांच्या पुस्तकांना त्यांनी चित्रांची साथ दिली, मुलांसाठी चित्रे काढली. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रे आहेत. भिंतींवर रेघोट्या ओढणारा मुलगा पुन्हा भिंतीकडेच वळला म्हणायचा!

१९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि मृत्यूनंतर २०१२ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना लाभले. स्पेन आणि पोर्तुगाल यांनीही गौरव केला. मुंबईचे वास्तव्य आटोपून ते पत्नी हबीबा यांच्यासह लोटलीच्या वाड्यात परतले होते. तेथेच ११ डिसेंबर २०११ रोजी झोपेत त्यांचे निधन झाले.

वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी विखुरलेली हजारो चित्रे हुडकून, जुळवून २००८ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ काढला. पर्वरीजवळ तोर्डा येथे मारिओ यांच्या चित्रांचे दालन आहे. पर्यटक तेथून चित्रांचे कप, फरशा आणि पिशव्या घेऊन जातात. आपण गेलात तर रोजनिश्या मागून घ्याव्यात, आणि त्यांतील सणाच्या दिवसाची पाने सावकाश पाहावीत. आपल्याही पॅरिशमधील दोन-चार ओळखीचे चेहरे तेथे भेटतील.