कावडीची कुळकथा

चैत्राच्या शुद्ध पक्षात, माळावरचे गवत वाळून पांढरे पडलेले असताना आणि कडुलिंबाला मात्र मोहोर आलेला असताना, सासवडच्या पंचक्रोशीतील माणसे खांद्यावर कावडी घेऊन जेजुरी, नीरा, फलटण या वाटेने शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाकडे पायी निघतात. अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे, ऊन माथ्यावरचे आणि ओझे पाण्याचे. या यात्रेची हकीगत सांगताना लोक ध्वजांविषयी, वाद्यांच्या गजराविषयी आणि मुंगी घाटाच्या अवघड चढणीविषयी भरभरून बोलतात. परंतु जिच्यावाचून ही यात्राच संभवत नाही त्या कावडीचे कूळ सहसा कोणी विचारीत नाही, आणि मला तर या सबंध सोहळ्यात तेच सर्वाधिक मननीय वाटते.

कावड म्हणजे मुळात एक दांडी, तिच्या दोन टोकांना दोन शिंकी आणि त्या शिंक्यांत दोन घागरी. दांडी बांबूची घेण्याचे कारण असे की बांबू लवतो. पाऊल टाकले की टोके खाली जातात, पुन्हा वर उचलली जातात, आणि या झोक्याशी ज्याने आपली आखूड, झपझप चाल जुळवून घेतली त्याला ओझ्याचा भार निम्म्याने हलका झाल्यासारखा वाटतो, तर ज्याला ती लय साधत नाही त्याच्या घागरी हिंदकळून मुक्कामी पोहोचेपर्यंत अर्ध्या होतात. खांदा दुखू लागला तर सराईत माणूस कावड खाली ठेवीत नाही. मान किंचित वाकवून दांडी मानेमागून दुसऱ्या खांद्यावर फिरवतो आणि चाल न मोडता पुढे जातो. एकच घागर कावडीने नेता येत नाही. एका बाजूला घागर असली तर दुसऱ्या बाजूला तिच्या तोलाचे काही ना काही टांगावेच लागते.

ही वस्तू फार जुनी आहे. अमरसिंहाने आपल्या कोशात ओझे वाहण्याची ही काठी आणि तिला टांगलेले शिंके यांची नावे नोंदवली आहेत, आणि ती कोठे नोंदवली आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे: देवतांच्या किंवा ब्राह्मणांच्या वर्गात नव्हे, तर शूद्रवर्गात, कारागिरांच्या आणि सेवकांच्या हत्यारांच्या रांगेत. कावड ही पाणक्याची, हमालाची, दुसऱ्याच्या घरचे पाणी भरणाऱ्याची वस्तू होती. पुढे लोकमानसाने तिला हळूहळू वर चढवले. वाल्मीकिरामायणातील तो मुनिकुमार आंधळ्या मातापित्यांसाठी घडा घेऊन पाण्याला गेलेला दिसतो. त्याच्या खांद्यावर कावड आणि कावडीत आईबाप बसवले ते लोकांनीच, आणि आज श्रावणबाळ म्हटला की कावडीवाचून तो आपल्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. पैठणला तर याच्याही पुढची मजल गाठली गेली. तेथे साक्षात श्रीकृष्णाने श्रीखंड्या होऊन संत एकनाथांच्या घरी कावडीने पाणी भरले अशी श्रद्धा आहे, आणि फाल्गुनात नाथषष्ठीच्या निमित्ताने नाथांच्या वाड्यातील, देवाने भरला असे मानल्या जाणाऱ्या रांजणात भाविक आजही पाणी ओततात. देवाने भक्ताची चाकरी केली हे सांगण्यासाठी महाराष्ट्राने जी कामे निवडली त्यांत पाणी भरणे यावे, याचे मर्म ज्याने उन्हाळ्यात एखाद्या खोल आडावर आपली पाळी येण्याची वाट पाहिली असेल त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता शिंगणापूरकडे वळू. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशा मुलखात एका उंच डोंगराच्या माथ्यावर शिव आणि शक्ती अशा दोन लिंगांच्या रूपाने देव राहतो, चैत्र शुद्ध अष्टमीला त्याचे लग्न लागते, मुख्य मंदिराच्या शिखरापासून बळीच्या मंदिराच्या शिखरापर्यंत लांबच लांब पागोटे बांधले जाते, आणि त्या लग्नाला हजारोंचा जमाव लोटतो. एवढ्या माणसांना पाणी कोठून पुरवावे? हा प्रश्न शंभुमहादेवाला कुलदैवत मानणाऱ्या भोसल्यांनाही पडला होता. मालोजीराजांनी येथे मोठा तलाव बांधला, आणि यात्रेकरूंचे पाण्यावाचून होणारे हाल हेच त्याचे कारण असल्याचे परमानंदाने ‘शिवभारता’त नमूद करून ठेवले आहे. मला येथे कावडीच्या कुळकथेचा धागा हाती येतो. माथ्यावर पाणी नाही, देवाचे लग्न मात्र ऐन चैत्रात, आणि अभिषेकावाचून महादेवाची पूजा पुरी होत नाही. तेव्हा ज्याच्या गावी नदी आहे त्याने येताना आपले पाणी बरोबर आणावे, ही या प्रथेची मूळ प्रेरणा असली पाहिजे असे माझे मत आहे. उत्तरेकडील कावडी श्रावणात, भर पावसात निघतात; आपली निघते ती पाण्याला मोल चढल्यावर. तलाव झाला, पुढे नळ आले, टँकर आले, तरी कावड थांबली नाही, कारण तोवर ती गरजेची न राहता मानाची झाली होती.

हा मान कोणाकडे गेला तेही पाहावे. शिंगणापूरला अनेक कावडी येतात, परंतु अग्रमान सासवडच्या तेल्या भुत्याच्या कावडीचा, म्हणजे भुतोजी तेली या शिवभक्ताच्या नावाने चालत आलेल्या कावडीचा. वतने, इनामे आणि सनदा यांच्या जोरावर मानपान ठरवण्याच्या काळात हा मान एका तेल्याच्या खांद्यावर राहिला, ही मला या देवस्थानाची फार मोठी थोरवी वाटते. ती कावड आता साधी दांडी राहिलेली नाही. तिच्यावर तांब्याचे मोठाले रांजण असतात, ध्वज असतात, आणि ती पेलायला एका माणसाचे खांदे पुरत नाहीत. रांजणांत कऱ्हेचे पाणी असते. ही नदी ब्रह्मदेवाच्या लवंडलेल्या कमंडलूतून उगम पावली असे त्या मुलखात सांगतात, आणि सासवडचेच सुपुत्र असलेल्या आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला तिच्या पाण्याचेच नाव दिले.

चैत्र शुद्ध द्वादशीला या कावडी डोंगराच्या पायथ्याशी येतात. वर जायला सोप्या वाटा आहेत. मानाची कावड मात्र मुंगी घाटानेच चढते. चढण इतकी उभी की पायाखालचा दगड निसटला तर तो थेट खालच्या माणसाच्या अंगावर यावा. माणसे एकामागे एक साखळी करून उभी राहतात, वरचा खालच्याला हात देतो, कावड हातोहात वर सरकते, मध्येच थबकते, आणि तेव्हा ‘म्हाद्या धाव!’ अशी हाक उठते. देवाला असे एकेरीत, घरच्या माणसाला हाकारावे तसे हाकारण्याचा अधिकार या ओझ्यातूनच आलेला आहे. सूर्यास्ताच्या सुमारास कावड माथ्यावर येते आणि कऱ्हेच्या पाण्याने महादेवाला अभिषेक होतो.

या कुळाची एक शाखा दक्षिणेत आहे. तमिळ देशात फाल्गुन-चैत्राच्या संधीवर पंगुनी उत्तिरम हा उत्सव येतो, तेव्हा कोंगु प्रदेशातील शेतकरी कोडुमुडी येथे कावेरीचे पाणी भरून घेतात आणि तीर्थकावडी खांद्यावर घेऊन पळणीच्या डोंगरावर सुब्रह्मण्याच्या अभिषेकासाठी पायी जातात. तेथेही मुलूख कोरडा, देव डोंगरावर, आणि उत्सव देवाच्या लग्नाचाच. तेथील आख्यायिका सांगते की इडुंबन नावाच्या असुराने अगस्त्यांच्या आज्ञेवरून शिवगिरी आणि शक्तिगिरी हे दोन डोंगर सर्पांच्या दोरांनी कावडीच्या दोन टोकांना बांधून आणले. शिंगणापूरच्या देवाचे आणि तेथे मंदिर असलेल्या बळीचे मूळ संशोधक रा. चिं. ढेरे यांनी दक्षिणेकडेच शोधले आहे. तरीही कावड तिकडून उसनी आली असे मी म्हणणार नाही. ज्या देशात पाणी वाहून न्यावे लागते त्या देशात ती आपोआपच खांद्यावर येते. परंतु शिव आणि शक्ती अशा दोन लिंगांच्या डोंगरावर सासवडकर दोन रांजण तोलून नेतात, तेव्हा त्यांचा आणि शिव-शक्तीचे डोंगर तोलणाऱ्या त्या इडुंबनाचा गोतावळा एकच आहे, असे मी निःशंक मनाने मानतो.