यवनाची वर्गणी

आमच्या बारामतीत कुठल्याही देवळात गेलात की आधी वर पंख्याकडे बघा. पात्यावर लाल रंगात लिहिलेलं असतं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून सप्रेम भेट’. बाकड्यावर नाव, फरशीवर नाव, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर नाव. इंदापूरचा माझा मित्र म्हणतो, देव एक आणि देणगीदार शंभर.

आजचा एपिसोड अशाच देणगीदारांचा आहे. फक्त हे यवन होते. यवन म्हणजे मुळात ग्रीक. आयोनिया या त्यांच्या प्रदेशावरून ‘योन’ आणि ‘यवन’. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतर परक्यांनाही हाच शब्द लागला, त्यामुळे यातला कोण अस्सल ग्रीक यावर अभ्यासक अजून भांडतात. त्यांना भांडू द्या.

सुरुवात एका राजदूतापासून करू. पेशवाईच्या भाषेत वकील. नाव हेलिओदोर, दिओनचा मुलगा, राहणारा तक्षशिलेचा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अंतलिकित या ग्रीक राजाने त्याला विदिशेच्या राजा भागभद्राकडे पाठवलं. तिथे त्याने वासुदेवाच्या नावाने गरुडस्तंभ उभारला आणि त्यावर स्वतःची ओळख कोरली: भागवत आणि योनदूत. म्हणजे विष्णुभक्तही आणि ग्रीकांचा वकीलही. एक ओळख सांगताना दुसरी लपवावी असं त्याला वाटलं नाही. गंमत पुढे आहे. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे पोचले तेव्हा खांबावर शेंदराचे थर चढले होते आणि गावकरी त्याला ‘खांबबाबा’ म्हणून पुजत होते. शेंदराखालचा लेख कनिंगहॅमना दिसलाच नाही, तो उजेडात यायला १९०९ च्या आसपासचा काळ उजाडला. परदेशी वकिलाचा याहून मोठा सत्कार कुठे झाला असेल तर कळवा.

पण हेलिओदोर सरकारी माणूस. राजाचं पत्र घेऊन आलेला. मला जास्त ओढ आहे ती पत्राशिवाय आलेल्यांची. ते सापडतात कार्ल्याला.

एकवीरा आईच्या दर्शनाला तुमच्यातले निम्मे गेले असतील. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. आत ३७ खांब. आपण हत्ती आणि स्वार बघतो, फोटो काढतो, निघतो. मीही दोनदा तेच केलं. तिसऱ्या वेळी खांबांवरची ब्राह्मी अक्षरं शोधत फिरलो. भाषा प्राकृत, मजकूर अगदी पंख्याच्या पात्यावरचा. धेनुकाकटच्या यवन सिहधयाचं दान, खांब. धेनुकाकटच्या यवन यसवधनाचं दान, खांब. एक खांब धेनुकाकटच्या ‘वाणियगामा’चा आहे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या समूहाचा. आपल्या शब्दांत व्यापारी मंडळ. दरवाजाचा खर्च त्याच गावच्या एका गंध विकणाऱ्याने उचलला. कुणी एका राजाने हुकूम सोडून हे लेणं उभं राहिलेलं नाही, हे वर्गणीतून झालंय.

नावं नीट ऐका. यसवधन म्हणजे यशवर्धन. सिहधयाच्या नावात सिंह. नावं इथली झालीत, पण मागे ‘यवन’ तसंच आहे. जुन्नरच्या लेण्यांतही तेच दिसतं. तिथे इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, पोढी म्हणजे ट्रेकवाले ज्याला टाकं म्हणतात ते. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. पाणी आणि पंगत. या दोघांना हा मुलुख कळला होता, एवढं नक्की.

ही माणसं इथे कशाला आली? व्यापाराला. कोकणातल्या बंदरांतून माल बोरघाटाने वर यायचा, कार्ला त्याच वाटेवर. जुन्नरला नाणेघाटाने. आणि आपल्या इंदापूरवरून पुढे टेंभुर्णी, बार्शी करत गेलात की तेर लागतं, जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात त्या बाजारपेठेचं नाव आहे, आणि तिथल्या उत्खननात रोमन बनावटीच्या वस्तू निघाल्यात.

आता हे ऐकून सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा. त्यात ती मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक करते: शक, यवन आणि पह्लवांचा नाश करणारा. लढाया झाल्या होत्या, रक्त सांडलं होतं. आईने अभिमानाने ते दगडावर लिहिलं.

त्याच पुळुमावीच्या २४ व्या वर्षी, म्हणजे फक्त पाच वर्षांनी, कार्ल्याला नऊ खोल्यांचा एक मंडप भिक्षुसंघाला दान झाला. देणारा हरफरण, सेतफरणाचा मुलगा, राहणारा आबुलामाचा. नावं सरळसरळ इराणी वळणाची, म्हणजे बहुधा पह्लवच. राजाच्या आजीच्या लेखात पह्लवांचा नाश, आणि राजाच्याच राज्यात पह्लवाच्या नावाचा मंडप. यवनांचे खांबही कुणी छिन्नीने खरवडून काढले नाहीत. आजही आहेत.

हा लेख मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि कारण इतिहासाचं नव्हतं. गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या वर्गणीची यादी मी केली होती. एमआयडीसीत कामाला असलेली, आमच्याच गल्लीत भाड्याने राहणारी पाच बिहारी पोरं स्वतःहून आली, एक-एक हजार देऊन गेली. पावती फाडली. पण फ्लेक्सवर नावं टाकताना जागा कमी पडली. कमी पडली म्हणजे, मीच ठरवलं की कमी पडलीय. मी लिहिलं, ‘इतर: ५०००’. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल त्यांनीच वाहिले.

कार्ल्याच्या खांबावर ‘इतर’ असं कुठेही नाही.

यंदाच्या पाटीचा मजकूर माझ्याकडेच आहे. पाचांपैकी दोघांची नावं मला माहीत आहेत, तिघांची विचारायचीत. नावामागे त्यांचं गाव घालायचं की नको, तेही त्यांनाच विचारतो. पेंटर गुरुवारी येतोय.