भातखाचरातील मिथेन व सहकार्याचे संशोधन : पूर्णगडच्या संदर्भात

मुचकुंदीच्या मुखावरील पूर्णगड परिसरात भातशेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. खाचरात पाणी साचले की प्राणवायूअभावी सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात. भारतीय भातशेती दरवर्षी सुमारे ३.८ कोटी टन मिथेन सोडते, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मांडला होता. त्याचा आधार परदेशी शेतांवरील निरीक्षणे हा होता. १९९१ साली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने अनेक भारतीय संस्थांनी प्रत्यक्ष शेतांत मोजमाप केले, तेव्हा हा आकडा सुमारे ४० लाख टन आढळला. पोटापुरते पिकविणाऱ्या शेतकऱ्यावरील अवाजवी दोषारोप या सामूहिक संशोधनाने दूर केला. तथापि मिथेनचा प्रश्न उरतोच. म्हणूनच उत्सर्जन घटविण्याचे उपाय दापोलीच्या कृषी विद्यापीठाने स्थानिक शेतकऱ्यांसह कोकणातील खाचरांतच पारखावेत, हाच या इतिहासाचा बोध होय.