वेधशाळा : शब्द आणि पहारा

'वेधशाळा' म्हटले की घुमट आणि दुर्बीण डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु शब्दाच्या पोटात शिरले तर तेथे या दोन्ही वस्तू नाहीत. आपला 'वेध' संस्कृत 'व्यध्' धातूपासून आला. त्याचा अर्थ भेदणे. बाण लक्ष्यावर लागावा तशी नजर ताऱ्यावर लागावी, हा त्यातील भाव. इंग्रजी 'ऑब्झर्व्हेटरी'चे मूळ लॅटिन 'ऑब्सर्व्हारे' होय. त्यातील 'सर्व्हारे' म्हणजे राखणे, जपणे. म्हणूनच इंग्रज माणूस तारा 'ऑब्झर्व्ह' करतो आणि नियमही. आपण पहिल्याला पाहणे म्हणतो, दुसऱ्याला पाळणे.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा राखणदारीचा अर्थ चटकन पटतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. १८७२ मध्ये छायाचित्रण पद्धतीची यंत्रे आली. तोवर माणसाने उपकरणापाशी बसून डोळ्यांनी वाचायचे आणि हाताने लिहायचे, असाच प्रघात होता. तेथील सहायकांपैकी केरो लक्ष्मण छत्रे पुढे पुण्यास गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले. बाकीच्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. त्यांनी लिहिलेले आकडे मात्र शास्त्रज्ञ आजही वापरतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची विचलित होते. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, हे काम अलिबागेस नेण्यात आले. तेथील इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळले. परंतु कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीने चालल्या. प्रत्येक जागेचे मोजमाप वेगळे. तुलना केल्याखेरीज जुने आकडे नव्यांना जोडता येत नाहीत. गिरणीतही दुसऱ्या पाळीचा माणूस साच्यापाशी येऊन उभा राहिल्यावरच पहिला हलतो. तोच हा न्याय.

नोंदी ठेवणाऱ्याचे काम अनेकांना क्षुल्लक वाटते. खर्चात काटछाट करायची झाली की पहिली नजर त्याच्या जागेवर जाते. अशा वेळी 'ऑब्झर्व्हेटरी'चा मूळ अर्थ ध्यानी धरावा. बिघडलेले यंत्र दुरुस्त करता येते, पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. पण चुकलेल्या तासाची नोंद दुसऱ्या दिवशी जाऊन घेता येत नाही.